उसाच्या नावातला 'को' कुठून आला?

पणदरे-बारामती पट्ट्यात को ८६०३२ कुणाला माहीत नाही? यातला 'को' म्हणजे कोईमतूर आणि त्यामागचं मोठं नाव टी. एस. वेंकटरामन (१८८४–१९६३).

शंभर वर्षांपूर्वी भारत जावाची साखर विकत घ्यायचा. जाड ऊस गोड, पण नाजूक. उत्तरेच्या थंडीत तग धरेना. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी त्याचा संकर उसाच्याच जातकुळीतल्या काटक रानगवताशी केला. १९१८ मध्ये त्यातला को २०५ पंजाबातल्या शेतात पोहोचला.

पुढे वेंकटरामन यांचा को ४१९ दख्खनच्या कालव्यांवर गाजला. इथला जुना पुंड्या ऊस मागे पडला. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आज लावलेल्या बेण्यातही त्या रानगवताचा अंश आहे.