निराश्रितांची माउली : पंडिता रमाबाई

सप्तशृंगाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां वणीकरांस अनवाणी यात्रेकरूंची ओळख नवी नाही. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे बालपण असेच तीर्थोतीर्थी पायपीट करण्यात गेले. दुष्काळाने मातापिता व भगिनी हिरावून नेली. स्थिर घर असे त्यांस लाभलेच नव्हते.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. तथापि त्यांच्या सेवेपुढे आमचे मस्तक नम्र होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया आणिल्या; त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. केवळ छप्पर दिले म्हणजे कार्य संपले, असे बाईंनी मानिले नाही. अक्षरओळख, विणकाम, शिवणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवून त्यांनी अनेकींस स्वतःच्या पायांवर उभे केले. १९२२ साली त्या निवर्तल्या. त्यांचे मिशन आजही चालू आहे.

द्राक्षांच्या हंगामात मजुरीस आलेले एखादे कुटुंब उघड्यावर निजलेले दिसल्यास आपण भाकरी देतो, हे योग्यच. परंतु पुढील रात्र ते कोठे काढील, हेही धर्मबंधुभगिनींनी विचारावे, इतकीच या महोत्सवप्रसंगी आमची विनंती आहे.