सर मायकेल फिलोज व ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा

इ. स. १८०३ सालीं अडगांवच्या रणांत शिंदे व भोसले यांच्या फौजा इंग्रजांविरुद्ध एकत्र उभ्या राहिल्या, हें आम्हां वऱ्हाडवासीयांस ठाऊक आहे. परंतु त्या शिंद्यांच्या चाकरींत नेपल्सकडील एक कॅथोलिक घराणें पिढ्यान्‌पिढ्या होतें, याची वार्ता वाशीम जिल्ह्यांतील आपल्या धर्मग्रामांत फारशी नसावी. त्या घराण्यांतील एका गृहस्थाचें चरित्र आम्ही या महोत्सवी स्मरणिकेंत देत आहों.

फिलोज घराण्याचा मूळपुरुष अठराव्या शतकांत हिंदुस्थानांत आला. त्याचा पुत्र जाँ बातिस्त हा दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा सेनानी झाला. मायकेल यांचा जन्म १८३६ सालीं ग्वाल्हेरींतच झाला. तेही लष्करी हुद्द्याचेच. पण त्यांचें नांव राहिलें तें गुण्या व ओळंबा यांमुळें.

१८५८ च्या धामधुमींत जयाजीराव शिंदे यांस राजधानी सोडून आग्र्यास जावें लागलें होतें. त्याच जयाजीरावांनीं १८७४ सालीं जयविलास राजवाडा उभा केला, तो मायकेल यांच्या आराखड्याबरहुकूम. पुढें भोवतालच्या विस्तीर्ण आवारांत हिरवळ व कारंजें. वाड्याचे मजले तीन: तळचा साध्या, भक्कम टस्कन धाटणीचा, मधला डोरिक, आणि वरचा पानांच्या नक्षीच्या कोरिंथियन स्तंभांचा. जड तें खालीं व नाजूक तें वर, हा रोमन शिल्पाचा जुना क्रम त्यांनीं मराठी दरबारासाठीं पाळला. १८७६ सालीं इंग्लंडचे युवराज, पुढील सातवे एडवर्ड, ग्वाल्हेरीस आले.

दरबाराच्या दालनांत दोन झुंबरें आहेत, प्रत्येकीं सुमारें साडेतीन टनांचें. छत तो भार पेलेल कीं नाहीं हें पाहण्यास वर हत्ती चढविले, असें सांगतात. हत्तींची गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. भार भिंतींवर उतरविण्याचा हिशेब ज्यानें केला त्याचें नांव क्वचितच कोणी घेतो, ही आम्हांस खंत वाटते. वाड्यास सुमारें एक कोटि रुपये लागले म्हणतात. तेवढ्यांत किती विहिरी झाल्या असत्या, हा विचार वऱ्हाडच्या माणसास सुचल्यावांचून राहत नाहीं. पण तो दोष कारागिराचा नव्हे.

जयाजीराव १८८६ सालीं निवर्तले. मायकेल त्यांच्यामागें दीर्घकाळ जगून १९२५ सालीं प्रभुघरीं गेले. राजवाड्याचा कांहीं भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून लोकांस खुला आहे. आपल्यापैकीं कोणी ग्वाल्हेरीस गेल्यास झुंबरें पाहून झाल्यावर क्षणभर छताकडेही पाहावें.