साधु सुंदरसिंग व तिबेटाची वाट

साधु सुंदरसिंग ह्यांचे नाव आपल्या मंडळ्यांतील लहानथोरांस ठाऊक आहे. त्यांच्या साक्षात्काराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या वाटेने ते शेवटी गेले व परत आले नाहीत ती वाट कशी होती, आणि तीवर पाऊल टाकणे शहाणपणाचे होते की काय, ह्याचा विचार थोड्यांनीच केलेला दिसतो. तो येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १८८९ रोजी तेव्हाच्या पतियाळा संस्थानातील रामपूर गावी एका सधन शीख घराण्यात झाला. आई मोठी भक्तिमान होती. ती वारल्यावर मुलाचे मन सैरभैर झाले. मिशनच्या शाळेत शिकविल्या जाणाऱ्या शास्त्राचा त्यांस इतका संताप येई की, डिसेंबर १९०४ मध्ये त्यांनी शुभवर्तमानाचे पुस्तक उघडपणे जाळले. तरी जिवास शांती मिळेना. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या आगगाडीखाली प्राण देण्याचा निश्चय करून ते प्रार्थनेस बसले असता प्रभू ख्रिस्ताचे दर्शन झाले, असे ते पुढे जन्मभर सांगत. घरच्यांनी त्यांस घालवून दिले. सोळावे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी सिमल्यास त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि महिनाभराने भगवी कफनी घालून ते अनवाणी सुवार्तेस निघाले.

तिबेटाकडे त्यांची पहिली फेरी १९०८ साली झाली. तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते व त्यांस तेथील भाषा येत नव्हती. सतलज नदीच्या खोऱ्यात पू नावाचे गाव आहे. तेथे मोरेव्हियन मिशनऱ्यांनी १८६५ पासून ठाणे घातले होते. त्यांनी ह्या तरुणास आसरा दिला व भाषा शिकण्यास साहाय्य केले. हे साहाय्य नसते तर पहिल्याच फेरीत काय झाले असते, हे सांगावयास नको.

आपल्याकडील घाट एका दिवसात चढून उतरता येतो. तेथे तसे नाही. नीती घाटाची उंची सुमारे १६,६०० फूट आहे. उन्हाळ्याचे काही महिने सोडले तर तो बर्फाने बंद असतो, व हवा इतकी विरळ की, धडधाकट मनुष्यासही चार पावलांवर थांबावे लागते. शिवाय देशात स्वस्थता नव्हती. १९०४ साली इंग्रजांची फौज ल्हासापर्यंत गेली. १९१० साली चिनी फौज शिरली व तेरावे दलाई लामा हिंदुस्थानात पळून आले. १९११ साली चीनमध्ये राज्यक्रांती झाली. पुढे चिनी शिपाई हाकलले गेले व १९१३ साली लामा ल्हासास परतले. अशा देशात परका मनुष्य दिसला की तो हेर असावा, आणि नवा धर्म सांगू लागला तर धर्मबुडव्या असावा, असा संशय येणे स्वाभाविकच होते. व्यापारी व यात्रेकरू ह्यांस मात्र वाट मोकळी असे, म्हणून भगव्या कफनीचा उपयोग झाला. ती पाहून आपल्यातील कित्येकांनी नाक मुरडले, ते आमच्या मते अविचाराचे होते.

साधूजी सांगत की, एकदा हिमवादळात एक मनुष्य बर्फात पडलेला आढळला. सोबतचा तिबेटी थांबेना. तो आपला जीव घेऊन पुढे गेला. साधूजींनी त्या मनुष्यास पाठीवर घेतले, व ओझ्याच्या श्रमाने दोघांच्याही अंगात ऊब राहिली. पुढे वाटेत तो सोबती गारठून मेलेला सापडला. रसार येथे आपणांस प्रेतांनी भरलेल्या कोरड्या विहिरीत टाकले होते व तिसऱ्या रात्री कोणी तरी वर काढले, असेही ते सांगत. ह्या गोष्टींवरून युरोपात पुढे मोठा वाद माजला. साक्षी त्यांच्या एकट्याच्याच असल्यामुळे आम्ही त्या त्यांच्या म्हणूनच देतो. वाट जीवघेणी होती, एवढे मात्र त्यांच्या टीकाकारांसही नाकारता येत नाही.

१९१८ ते १९२२ ह्या काळात ते दक्षिण हिंदुस्थान, सिलोन, चीन, जपान, युरोप व अमेरिका येथे फिरले. मग प्रकृती ढासळली. सबाथू येथे राहून ते ग्रंथ लिहू लागले. १९२७ साली पुन्हा तिबेटास निघाले, पण वाटेतच आजारी पडून परत आणावे लागले.

अशा शरीराने १९२९ साली पुन्हा निघणे आम्हांस धाडसाचेच वाटते. तरी तरुणपणाचा उतावळेपणा त्यात नव्हता. ऋतू योग्य होता. यात्रेकरूंच्या मार्गाने जाऊन पुढे तिबेटात उतरण्याचा बेत होता. आणि कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे त्यांनी मित्रांस आधीच कळविले होते. १८ एप्रिल रोजी त्यांनी सबाथू सोडले. जूनअखेर ते परत यावयाचे होते.

जून गेला, जुलैही गेला. मार्ग ठाऊक असल्यामुळे शोध तरी करता आला. न्यूझीलंडचे मिशनरी रिडल साहेब व सबाथूच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचे डॉक्टर वॉट्सन त्याच वाटेने नीती घाटाकडे गेले व गावोगाव विचारीत फिरले. त्या वर्षी यात्रेत पटकीची साथ होती. तीत ते गेले असावेत, असे कोणी म्हणतात. कोणी कड्यावरून पडले म्हणतात. साधूजींस पाहिलेला एकही मनुष्य भेटला नाही. १९३३ साली सरकारदरबारी त्यांस मृत मानण्यात आले. त्यांची कबर कोठेही नाही.