डभोईचे जगन्नाथ गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद



मंडळाच्या मागच्या स्नेहमेळाव्यात आमच्या जुन्या ओळखीतल्या घरातली मुलगी भेटली. वाघोडिया तालुक्यातच फिजिओथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांची कंबरदुखी संथ श्वसनाच्या सरावाने कमी होते का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. दोन वर्षे राबून आकडे हाती आले, तर सराव करणारे आणि न करणारे यांच्यात सांगण्याजोगा फरकच नाही. पोरीचा चेहरा उतरलेला होता. वडिलांना वाटत होते की दोन वर्षे आणि फी, दोन्ही पाण्यात गेली. थोडी वेगळी मांडणी करून फरक दाखवता येतो का, असेही घरात कोणी सुचवले होते म्हणे. आम्हांला त्या वेळी काही धड बोलता आले नाही. घरी आल्यावर मात्र डभोईच्या गुण्यांची आठवण झाली.

डभोई म्हणजे आपला शेजारचा तालुका. हिरा भागोळ आणि नॅरोगेज रेल्वे यांसाठी आपण सगळे तो ओळखतो. त्या गावात ३० ऑगस्ट १८८३ रोजी जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते देशभर प्रसिद्ध झाले, लोणावळ्याचे कैवल्यधाम उभे राहिले, आणि लोक त्यांना लोणावळ्याचेच समजू लागले. आपल्या बडोद्याकडचा त्यांचा काळ त्यामुळे मागे पडला. खरे तर त्यांच्या कामाचा पाया इथेच घातला गेला आहे.

वडील गणेशपंत शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची, किंबहुना ओढगस्तीची. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून बडोदा कॉलेजात शिकता आले. सयाजीराव महाराजांच्या त्या काळात अरविंद घोष कॉलेजात शिकवत होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा ठसा या विद्यार्थ्यावर उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशाचे काम करायचे, असे त्याने ठरवून टाकले. १९१० साली ते पदवीधर झाले.

कॉलेजाइतकीच त्यांची दुसरी शाळा म्हणजे दांडिया बाजारातला जुम्मादादांचा आखाडा. जुम्मादादांच्या पश्चात तो राजरत्न माणिकराव चालवत. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या वडिलांनी तिथल्या मातीत अंग मळवलेले आहे, हाडवैद्य म्हणूनही माणिकरावांचे नाव घरोघरी होते. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे तिथे देशी व्यायाम शिकले. शरीर कसे वापरावे आणि दुसऱ्याला शिस्तीने कसे शिकवावे, हे त्यांनी तिथून घेतले.

मग ते अमळनेरला गेले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेजात त्यांनी मुलांना भारतीय संस्कृती शिकवली. (साने गुरुजींमुळे प्रसिद्ध झालेले तेच अमळनेर.) त्या वर्षांविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण आपला विषय वेगळा आहे.

१९१९ साली नर्मदाकाठी मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजी भेटले. मूळचे बंगालचे हे योगी भरपूर भटकंती करून उतारवयात आपल्या जिल्ह्यात स्थिरावले होते. मुंबईजवळ पहिले आधुनिक योगकेंद्र काढणारे श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. गुण्यांनी माधवदासजींना गुरू मानले आणि योगातल्या क्रिया त्यांच्याकडून शिकून घेतल्या. श्रद्धा पूर्ण होती. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला, पण त्यांचे नाव या शिष्याने अखेरपर्यंत आपल्या कामाशी जोडलेले ठेवले.

आता मुख्य गोष्ट. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी आणि नोकरी बँकेतली, शरीरशास्त्रात आमची गती ती काय असणार! तरी जेवढे समजले तेवढे सांगतो.

नौली नावाची एक क्रिया आहे. श्वास सोडून पोट आत ओढायचे, मग पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढायचे आणि फिरवायचे. नौली करत बस्ती घेतली की पाणी आपोआप वर आतड्यात चढते, असे योगी परंपरेने सांगत आले होते. गुरूंनी सांगितले आहे म्हणजे खरे, एवढ्यावर गुणे थांबले असते तर कोणी दोष दिला नसता. पण त्यांना ते दिसायला हवे होते. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना क्ष-किरणाच्या यंत्रासमोर उभे केले आणि उड्डियान व नौली चालू असताना आत काय होते ते पाहिले. नंतर दाबही मोजला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणजे आत एक प्रकारची अर्धवट पोकळी तयार होते आणि त्यामुळे पाणी ओढले जाते, असे त्यांना आढळले. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. शंभर वर्षांपूर्वी, क्ष-किरण हीच मुळात नवलाई असताना, आपल्या बडोद्यात हे घडले.

१९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. त्याची रचना पाहण्यासारखी होती. एका भागात प्रयोगशाळेतले काम, दुसऱ्यात सर्वसामान्य माणसाने आसने कशी करावीत याचे वर्णन. प्रयोग कोणावर केला, कोणत्या साधनाने केला, आकडे काय आले, हे सगळे छापलेले. बँकेत आम्ही व्हाउचर नसेल तर नोंद पास करत नसू, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की आमच्या मागे ऑडिटर असे, स्वामीजींच्या मागे कोणी नव्हते.

यातली आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट प्राणायामाची आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हे आजही बागेतल्या प्रत्येक योगवर्गात ऐकायला मिळते. आम्ही स्वतः ते कित्येकांना सांगितले आहे. स्वामीजींनी श्वासातल्या वायूंचे मोजमाप केले, तेव्हा हा दावा टिकेना. दीर्घ आणि रोखलेल्या श्वासात एकंदर प्राणवायू जास्त मिळतोच असे नाही, आणि प्राणायामाचे महत्त्व त्यात शोधू नये, असे त्यांनी स्वतःच लिहिले. त्याचा परिणाम मज्जासंस्थेवर आणि शरीरातल्या दाबांवर पाहावा, असे त्यांचे मत झाले. विचार करा, योगाच्या प्रसारासाठी घरदार न केलेला माणूस, आश्रम चालतो तो देणग्यांवर, आणि लोकांना आवडणारी हीच समजूत तो आपल्याच त्रैमासिकात खोडून काढतो. देणगीदार काय म्हणतील याचा हिशोब त्यांनी केला असेल की नाही, ते तेच जाणोत.

त्यांच्या दाराशी परदेशातले संशोधकही येऊ लागले. पहिल्यांत होता कोवूर बेहनन, मूळचा केरळचा, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारा विद्यार्थी. १९३०-४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुमारे वर्षभर लोणावळ्यात राहिला, स्वामीजींकडे शिकला आणि नंतर स्वतःवरच मोजमापे केली. त्याचे पुस्तक १९३७ साली निघाले. त्यातले सगळे निष्कर्ष योगाला सोयीचे नव्हते. प्राणायामानंतर लगेच बेरजेसारखी बुद्धीची कामे दिली, तर ती अधिक हळू होतात असे त्याला दिसले. उलट काही श्वसनप्रकारांत प्राणवायूचा खप वाढलेलाही दिसला, म्हणजे ते स्वामीजींच्या मताशी सरळ जुळत नव्हते. विद्यार्थ्याचे आकडे गुरूच्या आकड्यांशी जुळले नाहीत म्हणून लोणावळ्याचे दार पुढच्यांना बंद झाले नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोघे यंत्रे घेऊन भारतात आले, त्यांनी कैवल्यधामातही काम केले. दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात हृदय बंद करणाऱ्या योग्यांचे हृदय प्रत्यक्षात चालूच असते, फक्त नाडी हाताला लागत नाही, असे निघाले.

बाकी कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र सहज वाचायला मिळते. १९२७ मध्ये महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी असताना आसनांबद्दल स्वामीजींशी पत्रव्यवहार करत होते. १९३६ साली मुंबईत मरीन ड्राइव्हला आरोग्यकेंद्र झाले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात त्यांनी भाग घेतला. लोणावळ्यात योगाचे कॉलेज आणि १९६१ मध्ये रुग्णालय निघाले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. २०१९ साली टपाल खात्याने आयुष क्षेत्रातल्या थोरांची तिकिटे काढली, त्यात त्यांचेही एक आहे. आमच्या संग्रहातले ते तिकीट आम्ही पुढच्या बैठकीत दाखवायला आणू.

आज वाघोडिया तालुक्यात लिमड्याला आणि पिपरियाला मोठी विद्यापीठे उभी आहेत. मेडिकल, फिजिओथेरपी, नर्सिंग अशा शाखांत आपल्या सभासदांची मुले-मुली प्रबंध लिहितात, कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या कामगारांकडून प्रश्नावल्या भरून घेतात. यातल्या किती जणांना माहीत आहे की तासाभराच्या अंतरावर जन्मलेल्या एका गरीब शिक्षकाच्या मुलाने हेच काम आपल्या बडोद्याच्या इस्पितळात सुरू केले होते?

त्या मुलीला आम्ही योगमीमांसेबद्दल आणि प्राणवायूच्या हिशोबाबद्दल सविस्तर सांगितले. तिने ऐकून घेतले, फार बोलली नाही. दोन आठवड्यांनी वडिलांचा फोन आला. प्रबंध आहे तसाच, फरक नाही असे स्पष्ट लिहून सादर केला होता. निकालाची वाट पाहताहेत.

येत्या ३० ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी डभोई आणि तिथून मालसर अशी एक दिवसाची सहल काढण्याचा विचार आहे. नर्मदेला त्या दिवसांत पाणी खूप असते, तेव्हा लहान मुलांना काठावर सांभाळावे लागेल. यायचे असेल त्यांनी नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. ती मुलगी येणार आहे.