प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर : शास्त्राला उद्योगाची जोड देणारे आचार्य

आमच्या भंडारा शहराची कीर्ति पितळी भांड्यांकरितां. मोहाडीकडे कोशाचें कापड विणलें जातें. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. आणि वैनगंगेच्या खोऱ्यांत धानाचें पीक येतें. एवढी संपत्ति पायाशीं असतांहि आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत पुढें काय करणार असें विचारलें, तर बहुतेक हात नोकरीच्या नांवानें वर होतात. गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें, ज्याच्या घरीं पिढ्यान् पिढ्या भांडीं घडविण्याचा धंदा चालत आला आहे, पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु हें उत्तर बिनचूक दिलें. परंतु तें तांबें कोणत्या भावानें येतें, एक घागर घडविण्यास खर्च किती पडतो, आणि स्टेनलेस पोलादाच्या भांड्यांनीं पितळेचें गिऱ्हाईक कां ओढून नेलें, असें विचारतांच तो खालीं पाहूं लागला. दोष त्याचा नव्हता. तें आम्हीं त्यास कधीं शिकविलेंच नव्हतें. त्या दिवसापासून ज्या थोर शिक्षकाचें नांव आमच्या मनांत वारंवार येऊं लागलें, त्याचें चरित्र या अंकीं आमच्या बालवाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म इ. स. १८६३ सालीं सुरत येथें सुतार ज्ञातींत झाला. गज्जर हें आडनांवच गुजराथेंत त्या धंद्याचें द्योतक होय. वडील कल्याणदास हे शिल्पशास्त्राचे जाणकार असून ज्ञातींत त्यांस मान होता. ज्या घरांत करवत आणि ग्रंथ एकाच छपराखालीं नांदतात, तेथें वाढलेल्या मुलास हातानें काम करणें हलकें आणि पुस्तक वाचणें तेवढें श्रेष्ठ असें वाटण्याचें कारणच उरत नाहीं. पुढें जन्मभर त्रिभुवनदासांनीं जें केलें, त्याचें बीज या घरांत होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांचें उच्च शिक्षण झालें व रसायनशास्त्र हा विषय त्यांनीं आपला केला. त्या काळीं शास्त्राचा पदवीधर म्हणजे दुर्मिळ वस्तु. सरकारी खात्यांत किंवा वकिलींत त्यास सुखाची जागा सहज लाभे. परंतु इ. स. १८८६ च्या सुमारास ते बडोदें कॉलेजांत रसायनशास्त्राचे अध्यापक झाले, आणि तेथें त्यांची गांठ एका असामान्य राजपुरुषाशीं पडली.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचे. त्यांचाहि जन्म १८६३ सालचाच. राजा व अध्यापक दोघेहि तेवीस वर्षांच्या आंतबाहेर, आणि दोघांसहि एकच चिंता : देशांतील कारागिरांच्या हातचे धंदे एकामागून एक कां जात आहेत?

रंगाऱ्यांचें उदाहरण घेऊं. इ. स. १८५६ त पर्किन नांवाच्या इंग्रज तरुणानें डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग तयार केला. १८६९ त जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेच्या मुळांत असणारा तांबडा रंग प्रयोगशाळेंत बनविला, आणि १८९७ त कृत्रिम नीळहि जर्मनींतून बाजारांत आली. या शोधांमागें केवळ विद्वत्ता नव्हती. जर्मनींत विद्यापीठांतील रसायनज्ञ आणि कारखानदार यांचें नित्य दळणवळण होतें. शोध लागला कीं त्याचा माल होई. आमचा रंगारी मात्र परदेशी भुकटीची पुडी फोडी, कापड बुडवी, आणि रंग विटला तर नशिबास बोल लावी. त्याच्याजवळ कसब होतें, पण त्या पुडींत काय आहे याचें ज्ञान नव्हतें. पदवीधराजवळ ज्ञान होतें, पण रंगाऱ्याच्या हौदाजवळ तो कधीं फिरकत नसे. या दोघांमधली भिंत पाडावी हा गज्जरांनीं संकल्प केला.

इ. स. १८९० त बडोद्यास कलाभवन स्थापन झालें व त्याचें प्रमुखपद गज्जरांकडे आलें. चित्रकला, यंत्रविद्या, रंगविद्या, विणकाम इत्यादि विषय तेथें शिकविण्यांत येऊं लागले. आणि हें शिक्षण मराठी व गुजराथी भाषांतून देण्यांत येई. आज हें वाचतांना विशेष वाटणार नाहीं. परंतु शास्त्र म्हणजे इंग्रजी असें समीकरण असलेल्या त्या दिवसांत हें मोठें धाडस होतें. कारागिराच्या मुलास आधीं परभाषा आणि मग शास्त्र असें दोन डोंगर चढावयास लावूं नये, हा त्यांतील विचार. देशी भाषांतून शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा निर्माण करण्याच्या कामींहि गज्जर झटले, आणि रंगविद्येसंबंधीं रंगरहस्य नांवाचें नियतकालिक त्यांनीं काढलें. आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी होत.

तथापि गज्जरांच्या मनांतील सगळा आराखडा बडोद्यास पुरा झाला नाहीं. संस्था उभी राहिली, विद्यार्थी शिकून बाहेर पडले. परंतु विद्यालयाच्या दारांतून निघालेला तरुण कारखान्याचा धनी होईल, ही अपेक्षा एकट्या विद्यालयाच्या बळावर सफल होण्यासारखी नव्हती. भांडवल, बाजार आणि धाडस हीं तिन्ही विद्येबरोबर चालावीं लागतात. सहा वर्षें कलाभवनाचा भार वाहून १८९६ च्या सुमारास गज्जर मुंबईस गेले, आणि डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नांवानें चालणाऱ्या विल्सन कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवूं लागले. वरवर पाहतां ही माघार होती. पण त्यांच्या आयुष्याचें सर्वांत फलद्रूप पर्व येथूनच सुरू होतें.

मुंबईंत त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें एका विलक्षण कामामुळें. राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ त डांबर फासण्यांत आलें होतें. तें कृत्य चाफेकर बंधूंचें, हें पुढें उघडकीस आलें. डांबर दगडाच्या अंगांत मुरलें होतें. तें खरवडावें तर कोरीव काम बिघडतें, तीव्र अम्ल लावावें तर संगमरवरच विरघळतो. कित्येकांनीं हात टेकले. गज्जरांनीं मात्र दगडास इजा न होऊं देतां तो डाग काढला. राजकारणाच्या दृष्टीनें त्या पुतळ्याविषयीं कोणास कांहींहि वाटो, पुस्तकांतील रसायनशास्त्र भर चौकांतलें अवघड काम करूं शकतें हें सर्व शहरानें डोळ्यांनीं पाहिलें. प्लेगच्या सांथींत त्यांनीं आयोडीनयुक्त औषध सुचविलें व त्याचा उपयोग रुग्णालयांत करून पाहण्यांत आला. मळकट झालेल्या मोत्यांस पुन्हा पाणी आणण्याची कृतीहि त्यांनीं साधली. मुंबई ही इराणी आखातांतील मोत्यांची मोठी पेठ असल्यानें या एका कृतीनें त्यांस पुष्कळ द्रव्य मिळवून दिलें. ज्याच्या हातीं विद्या आहे त्याच्या घरीं लक्ष्मी येत नाहीं, हा समज त्यांनीं स्वतःच्या उदाहरणानें खोटा पाडला.

परंतु आम्हांस त्यांचें मोठेपण मोत्यांत दिसत नाहीं. इ. स. १९०० च्या सुमारास त्यांनीं गिरगांवांत स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. रसायनशास्त्रांत उच्च पदवीचा अभ्यास करणारे तरुण तेथें काम करीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थ्यास ठराविक क्षार मिळतो, तो ओळखला कीं काम संपलें. या प्रयोगशाळेचें नांवच सांगतें कीं येथें रसायन आणि धंदा यांची गांठ घालावयाची होती. धंद्यांतील प्रश्नाचें उत्तर वहींत लिहून भागत नाहीं. माल तयार झाला पाहिजे, तो परदेशी मालाहून महाग पडतां कामा नये, आणि पुढल्या खेपेस तो तसाच उतरला पाहिजे. पदवीधरास उद्योग शिकविण्याची याहून चांगली पाठशाळा आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

या वृक्षास लागलेलें फळ आजहि आपल्या डोळ्यांपुढें आहे. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनीं गुरूच्या साह्यानें इ. स. १९०७ त अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी काढली. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचें जुनें भांडें, आपला भबका. त्या काळीं डॉक्टरांस लागणारे टिंक्चरसारखे अर्क परदेशांतून येत. वनस्पतींचा गुण मद्यार्कांत उतरवून हे अर्क होतात. तेव्हां मद्यार्क स्वस्त व शुद्ध मिळाला तरच हा धंदा देशांत चालणार. म्हणजे रसायनाच्या ज्ञानाबरोबर अबकारीचे नियम, कच्च्या मालाचा भाव, बाटल्यांची सोय आणि डॉक्टरांचा विश्वास हीं सर्व त्या तरुणांस संपादावीं लागलीं. कारखाना बडोद्यास वाढला. ज्या नगरीनें गज्जरांचा मनोरथ अपुरा ठेवला होता, तेथेंच शिष्यांनीं तो पुरा केला. त्याच सुमारास कलकत्त्यास आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे दुसरे रसायनाध्यापक बेंगॉल केमिकल या कारखान्याचें रोप वाढवीत होते, हें येथें ध्यानांत ठेवावें.

इ. स. १९२० त गज्जर निवर्तले. आयुष्य सारें सत्तावन वर्षांचें. त्यांचें कलाभवन पुढें बडोदें विद्यापीठांत समाविष्ट होऊन अभियांत्रिकी शिक्षणाचें मोठें केंद्र झालें.

आतां हें सुरत-बडोद्याचें चरित्र भंडाऱ्याच्या मुलांस कां सांगावें? उत्तर जवळच आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनीं मँगनीजच्या खाणींवर संपत्ति मिळविली, आणि १९३० त तिच्यांतील सुमारें पस्तीस लाख रुपये उपयोजित शास्त्राच्या शिक्षणाकरितां नागपूर विद्यापीठास ठेवले. त्यांतून १९४२ त नागपुरास लक्ष्मीनारायण तंत्रशाळा उभी राहिली. मँगनीजचा दगड नुसता विकला तर दगडाचेंच मोल येतें. तोच शुद्ध करून त्यापासून विजेच्या साह्यानें मँगनीज डायऑक्साइड बनविला तर तो विजेरीच्या घटांस उपयोगीं पडतो. आणि तसा कारखाना आमच्याच जिल्ह्यांत डोंगरी बुजुर्ग येथें आहे. दगडाचें मोल वाढविणारी जी वस्तु मधें पडली, तिचें नांव विद्या.

नोकरी वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. गज्जरांनींहि नोकरी केली, आणि ती शिक्षकाची. परंतु आपल्या विद्यार्थ्यानें परीक्षेस उतरून थांबूं नये, त्यानें आपल्या विद्येवर दहा घरांच्या चुली पेटवाव्या, ही त्यांची दृष्टि आम्हां शिक्षकांस घेण्यासारखी आहे. वर सांगितलेला आमचा विद्यार्थी दिवाळीच्या सुटींत वडिलांच्या भट्टीजवळ वही घेऊन बसला व तांबें, जस्त, कोळसा, मजुरी आणि घट असा एका घागरीचा हिशेब मांडून त्यानें आम्हांस आणून दाखविला. वडिलांनीं इतक्या वर्षांत तो कागदावर कधीं मांडला नव्हता. हिशेबाअखेर नफा फार थोडा निघाला, आणि कोळशाचा खर्च कमी कसा करतां येईल असा प्रश्न त्यानें आपण होऊन विचारला. त्याचें उत्तर आम्हांस अद्याप देतां आलेलें नाहीं; तें शोधण्याकरितां तो रसायनशास्त्र घेणार आहे.