सर हेन्री मॅन्स आणि कराचीचा आरसा

रोश खोदेशची वार्ता बाबेलातील आपल्या लोकांना कळावी म्हणून यरुशलेमच्या जैतून डोंगरावर मशाली पेटवीत आणि पुढे डोंगरामागून डोंगर उजळत जाई, असे मिश्नात सांगितले आहे. पुढे शोमरोनी लोकांनी खोटे जाळ पेटवून घोटाळा केला, तेव्हा जासूद धाडावे लागले. जाळ ठरलेली एकच गोष्ट सांगतो, आणि तो पेटवला कोणी हेही दुरून कळत नाही. उन्हाच्या कवडशाला शब्दन्‌शब्द बोलायला लावणाऱ्या सर हेन्री मॅन्स यांची हकीकत म्हणूनच आम्ही येथे देत आहोत.

मॅन्स यांचा जन्म ६ सप्टेंबर १८४० रोजी एक्सिटर येथे झाला. (या गावात १७६३ सालचे जुने सिनेगॉग आजही आहे.) १८६३ साली ते पर्शियन आखाताच्या तारखात्यात लागले आणि पुढच्याच वर्षी समुद्रात पहिली तार टाकण्याच्या कामावर होते. या नोकरीत ते कराचीस राहिले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आपलीही कुटुंबे तेथे होती. १८९३ साली त्यांनी तेथे बांधलेले मागेन शालोम सिनेगॉग १९८८ साली पाडले गेले.

१८६९ साली मॅन्स यांनी हेलिओग्राफ तयार केला. इंग्लंडच्या ढगाळ आभाळाखाली हे सुचले असते असे आम्हांस वाटत नाही! तिपाईवर पाच इंच व्यासाचा गोल आरसा. त्याच्या मध्यभागी पारा नसलेला बारीक ठिपका, त्यातून पाहून दूरच्या ठाण्यावर नेम धरायचा. कळ दाबली की आरसा किंचित कलतो आणि पलीकडे चमक दिसते. लांब-आखूड चमकांनी तारमास्तरची कट्ट-कडकट्ट जशीच्या तशी जाते. तारा नकोत, खांब नकोत. तीस मैलांवर तो कवडसा जेमतेम पाचशे यार्ड रुंद असतो, त्यामुळे बाजूच्या शत्रूला तो दिसतही नाही.

इतकी सोपी वस्तू, पण सरकारला पटायला काही वर्षे गेली. १८७७-७८ च्या जोवाकी आफ्रिदी मोहिमेत आरसा रणांगणावर गेला, आणि लगोलग १८७८-८० च्या अफगाण युद्धात त्याचा पुष्कळ उपयोग झाला. त्या युद्धात मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. आपले सुभेदार-जमादार याच लष्करात चाकरी करीत.

१८८५ साली मॅन्स यांना 'सर' हा किताब मिळाला. १८९७ साली ते विलायतेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. विजेच्या घटाचा रोध मोजण्याची 'मॅन्सची पद्धत'ही त्यांचीच.

दक्षिण आफ्रिकेत लेडीस्मिथला बोअरांचा वेढा पडला तेव्हा मॅन्स साठीला आले होते. डिसेंबर १८९९ मध्ये कोलेन्सोला हार खाल्लेल्या जनरल बुलर यांनी आरशावरून शहरात निरोप धाडला, की दारूगोळा उडवून टाका व शरण जा. आत अडकलेल्या जनरल व्हाइट यांना प्रथम हा शत्रूचा कावा वाटला, कारण आरसे बोअरांजवळही होते. निरोप खरा आहे असे कळल्यावरही त्यांनी शरण जाण्यास नकार दिला. ११८ दिवसांनी, २८ फेब्रुवारी १९०० रोजी, वेढा उठला.

२१ एप्रिल १९२६ रोजी ऑक्सफर्ड येथे मॅन्स वारले. ते पंच्याऐंशी वर्षांचे होते.