भूमिकेच्या मागचा माणूस : नटवर्य केशवराव दाते

लेखकाने निर्मिलेले पात्र रंगभूमीवर वावरते ते दोन-तीन तासच. त्याआधी ते कोणत्या घरात वाढले, त्याने काय गमावले, त्याला कशाची भीती वाटते, हे संहितेत बहुधा नसते. ते नटालाच मनाशी रचावे लागते. परदेशात चित्रकथांवरून निघणाऱ्या चित्रपटांतही नट हेच करतात. 2008 साली ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर रंगविणाऱ्या हीथ लेजरने त्या पात्राची रोजनिशी लिहिली होती. आपल्याकडे ही साधना किती जुनी आहे, हे पाहावयाचे तर केशवराव दाते यांच्याकडे वळावे.

केशवरावांचा जन्म 1889 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथला. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी आरंभी स्त्रीभूमिका केल्या. मंडळी गद्य नाटके करणारी. संगीताच्या त्या जमान्यात गाण्याचा आधार नसलेल्या नटाला शब्द आणि मुद्रा यांवरच उभे राहावे लागे. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तील त्यांची आनंदीबाई नावाजली गेली. एका तरुण पुरुषाने इतिहासात बदनाम झालेली स्त्री साकारायची, म्हणजे स्वतःच्या अनुभवाबाहेरचे सारे आयुष्य कल्पनेनेच उभे करणे आले. 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेने नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावरून ‘आंधळ्यांची शाळा’ आणले. त्या नव्या प्रयोगातही केशवराव होते. पुढे प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये 1934 साली ते राजगुरू झाले, आणि 1937 साली ‘कुंकू’तील काकासाहेब.

मोताळा तालुक्यातील आपले रोहिणखेड वाटसरूला चार गावांसारखेच वाटते. पण 1437 आणि 1590 साली येथे लढाया झाल्या, हे कळले की इथल्या जुन्या मशिदीचे दगड त्याला निराळे दिसू लागतात. माणसाचेही तसेच आहे.

‘कुंकू’ हा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी काढलेला चित्रपट. उतारवयाचे विधुर वकील काकासाहेब तरुण नीराशी लग्न करतात. नीराची फसवणूक झालेली आहे आणि हा संबंध तिला मान्य नाही. शांता आपटे यांच्या नीरेची बाजू न्यायाची, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्याला खलपुरुष करून टाळ्या घेणे सोपे होते. केशवरावांनी ते केले नाही. आरशापुढे मिशा काळ्या करणाऱ्या त्यांच्या काकासाहेबांना आपण हसतो, आणि हसता हसता थबकतो. मोठा झालेला मुलगा, विधवा मुलगी आणि रिकामे घर यांमागे सरलेले एक आयुष्य आहे, वय नाकारू पाहणारी केविलवाणी धडपड आहे, हे त्यांच्या नुसत्या खांद्यांवरून कळते. म्हणूनच शेवटी काकासाहेबांना आपला अपराध उमगतो, तेव्हा ते परिवर्तन वरून चिकटवलेले वाटत नाही. त्याचे बीज पहिल्यापासून त्या माणसात दिसत असते.

येथे एक शंका कोणी घेईल. अन्याय करणाऱ्याला असा भूतकाळ दिला की अन्याय सौम्य होत नाही काय? ‘कुंकू’ पाहणाऱ्याला तसे वाटत नाही. नीरेचे दुःख तसूभरही कमी होत नाही. उलट असा अन्याय राक्षस करीत नाहीत, सुशिक्षित, प्रतिष्ठित, आपल्याच ओळखीची माणसे करतात, हे ध्यानी येते आणि प्रेक्षक अधिक अस्वस्थ होतो. पात्राची पूर्वकथा म्हणजे त्याची वकिली नव्हे.

1941 साली ‘शेजारी’त ते मिर्झाचा जिवलग मित्र जिवबा झाले. त्यांचे निधन 1971 साली झाले.

स्नेहसंमेलनात आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला सावकार येतो, कुणाच्या खाष्ट सासू. मिशा चिकटवून आवाज चढवला की भूमिका झाली, असे आपण समजतो. तालमीला उभे राहण्यापूर्वी हा सावकार लहानपणी कोणाच्या दारात उभा होता, एवढा प्रश्न जरी स्वतःला विचारला, तरी केशवरावांच्या वाटेवर आपले पहिले पाऊल पडेल.